जखमी कामगाराच्या दाव्यात वकिलाची फी: किती ठरवायची, कशी भरायची, कधी भरायचीच नाही

कामावर बोटं तुटली, पाय मोडला, विजेचा धक्का बसला की घरच्यांना पहिले काही दिवस रक्त, औषधं आणि डबा यापलीकडे काही सुचत नाही. नेमक्या त्याच दिवसांत कुणीतरी कॉटपाशी येऊन सांगतं, "ताई, काळजी करू नका. आत्ता एक पैसा द्यायचा नाही. भरपाई आली की तीस टक्के, बस." उशाशी बसलेल्या बाईला तो माणूस देवासारखा वाटतो. मी भांडुपला एका कामगार संघटनेच्या कार्यालयात भरपाईचे कागद बघते. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बहुतेक घरांनी अशी सही आधीच करून टाकलेली असते. ती सही होण्याआधी हे वाचलं जावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

तीस टक्के म्हणजे किती, ते आधी मांडून बघू. साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करणारा तीस वर्षांचा कामगार धरा. पगार महिना १५,००० रुपये. एका हाताची दोन बोटं गेली. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात याचा हिशेब ठरलेला आहे. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाचा गुणक, जो तीस वर्षांसाठी २०७.९८ आहे. गुणाकार आला १८,७१,८२० रुपये. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेल्यास कमाईच्या क्षमतेचं नुकसान २० टक्के धरलं आहे, म्हणजे भरपाई ३,७४,३६४ रुपये. यातले तीस टक्के म्हणजे १,१२,३०९ रुपये. उरलेला जन्म तीन बोटांनी काढायचा त्या माणसाचे एक लाख बारा हजार, आणि तेही अशा हिशेबावर जो शाळेत गेलेलं कुणीही वहीच्या अर्ध्या पानावर करू शकतं. (पगार १५,००० पेक्षा जास्त असला तरी ३ जानेवारी २०२० पासूनच्या अपघातांना या हिशेबात १५,०००च धरले जातात. हेही आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे कुणी पंधरा-वीस लाखांचं गाजर दाखवलं तर ओळखता येतं.)

वकिलाचं खरं काम हिशेबात नसतं. हा माणूस तुमचाच कामगार होता, पगार इतका होता आणि अपघात कामामुळे, कामाच्या वेळात झाला, हे मालक नाकारतो तेव्हा ते सिद्ध करणं हे काम. ते कष्टाचं आहे, त्याची फी मिळायलाच हवी. पण वाटा नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत हिस्सा घ्यायचा नाही. शिवाय भरपाई कायद्याचं कलम ९ सांगतं की भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, ती जप्त होत नाही. त्यामुळे स्टॅम्प पेपरवर "भरपाईतले तीस टक्के अमुक यांना देईन" असं लिहून दिलं असेल तरी त्या कागदाच्या धाकाने घाबरून जाऊ नका.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. "माझी फी इतके रुपये, तुमच्याकडे आत्ता नाहीत तर नंतर द्या," असं म्हणणारे वकील मुंबईत आहेत, आणि चांगले आहेत. ठरलेली फी उशिरा घेणं यात काही गैर नाही. रक्कम रुपयांत ठरली आहे का, एवढं बघायचं.

फी लागतच नाही असे रस्ते आधी बघा

सगळ्यात आधी पगाराची स्लिप काढा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि पगारातून ०.७५ टक्के ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कापले जात असतील, तर तुमचा दावा भरपाई कोर्टात जातच नाही. ईएसआयसी लागू असलेल्या कामगाराला मालकाविरुद्ध या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. त्याला तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के दराने पैसे आणि कायमच्या अपंगत्वात मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या टक्क्यांप्रमाणे महिन्याची रक्कम ईएसआयसीकडूनच मिळते. मालकाकडून अपघाताचा अहवाल गेला आहे ना, हे शाखा कार्यालयात बघायचं, बोर्डासमोर उभं राहायचं. याला वकील लागत नाही. तरी या कामासाठी पैसे मोजलेली माणसं मी बघितली आहेत, म्हणून हे पहिलं लिहिलं.

दुसरा रस्ता सरकारी विधी सेवेचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे. लोकांना वाटतं ही सोय फक्त गरिबीच्या दाखल्यावर मिळते. तसं नाही. त्या यादीत औद्योगिक कामगार आहे, स्त्री आहे, अपंग व्यक्ती आहे, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आहे, आणि यांना उत्पन्नाची अट नाही. कारखान्यात हात गेलेला माणूस कामगार म्हणून बसतो, अपंग म्हणूनही बसतो. नवरा गेलेली बाई दावा लावत असेल तर ती स्त्री आहे एवढं पुरेसं आहे. तिचा भाऊ कमावता आहे का, घर कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारायचं कारण नाही. यातल्या कशातच न बसणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर हक्क आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो. ओळखपत्र, अपघाताचे कागद आणि कुठल्या कारणाने हक्क आहे त्याचा पुरावा जोडायचा. मुंबई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय फोर्टला दिवाणी व सत्र न्यायालयात आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी पुढची दिशा सांगतात. वकिलाची फी, टायपिंग, समन्सचा खर्च, नकला हे सगळं प्राधिकरणाच्या अंगावर असतं. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही मागायचा नाही, तसा नियम आहे. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि दुसरा वकील मागा. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाचं काम तुम्हाला माहीत असेल तर अर्जातच त्यांच्या नावाची विनंती करा.

विधी सेवेचा वकील "फुकटचा, म्हणून लक्ष देत नाही" असं आमच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो. माझं मत असं की यात अर्धं खरं आहे. काही जण फार मनापासून काम करतात, काही नाही. पण लक्ष न देणारे वकील पैसे घेऊनही असतात. तुम्ही दर तारखेला स्वतः हजर राहिलात, तारीख वहीत लिहिलीत, पुढच्या तारखेला काय होणार ते विचारलंत, तर मोफत दावाही चालतो. घरी बसून राहिलात तर पैसे भरलेलाही रखडतो.

तिसरा रस्ता संघटनेचा. भरपाई कायद्याच्या कलम २४ प्रमाणे तुमच्या वतीने वकीलच उभा राहिला पाहिजे असं नाही. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या लेखी अधिकारपत्रावर उभा राहू शकतो. तुम्ही सभासद नसाल तरी जवळच्या संघटनेत जाऊन विचारायला हरकत नाही. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मागणी केली तर दाव्याचा अर्ज भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांच्या देखरेखीखाली तयार करून देण्याची तरतूद कलम २२ मध्ये आहे. ही गोष्ट कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसलेलं कुणी तुम्हाला सांगणार नाही.

खासगी वकील करायचा ठरला तर

काही दाव्यांत तो करावाच लागतो. मालक म्हणतो हा ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणतो मी ओळखत नाही, विमा कंपनी म्हणते पॉलिसीत याचं नाव नाही. अशा वेळी भरपाईचे दावे नेहमी चालवणारा माणूस हवा. ओळखीतला वकील घर-भाड्याच्या केसेस करत असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: अपघात कुठल्या कायद्याखाली येतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि भरपाईच्या तरतुदी आता तिच्या सातव्या प्रकरणात आहेत. त्याआधीचा अपघात जुन्या कायद्याने बघायचा. मी इथे कलमं सांगते आहे ती जुन्या कायद्याची. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात कामाशी संबंध दाखवता आला तर नव्या संहितेत स्पष्ट शब्दांत धरला आहे. ज्या वकिलाला हा फरक विचारल्यावर सांगता येत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

मग फीचं बोलणं. लाजू नका. दवाखान्यात आपण ऑपरेशनचा खर्च विचारतोच ना? तेवढ्याच सरळपणे विचारा: पूर्ण दाव्याचे किती? त्यात काय काय आलं?

"तारखेला इतके" असा दर मान्य करू नका. कायद्याच्या कलम २५अ मध्ये दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. साहेब रजेवर, विमा कंपनीचा वकील आला नाही, मालकाला समन्स पोचलं नाही, अशा कारणांनी पडणाऱ्या तारखांचे पैसे तुम्ही का भरायचे? वांद्र्याला कामगार न्यायालयात रोजंदारी बुडवून यायचं, दहा वाजल्यापासून बाकावर बसायचं, दुपारी पुढची तारीख घेऊन परत जायचं, आणि वर वकिलाच्या हातात पाचशे ठेवायचे. ज्याच्या तारखेवर वकिलाची कमाई अवलंबून आहे त्याचा दावा लवकर संपावा असं कुणाला वाटेल? म्हणून टप्प्यांची फी. आमच्याकडे मी लोकांना जो मजकूर उतरवून देते तो असा:

"दिनांक अमुक रोजी झालेल्या अपघाताच्या भरपाईसाठी मी अमुक वकील यांची नेमणूक केली आहे. या दाव्याची एकूण फी रुपये अमुक ठरली आहे. त्यापैकी दावा दाखल होऊन क्रमांक मिळाल्यावर रुपये अमुक, माझा व माझ्या साक्षीदारांचा पुरावा पूर्ण झाल्यावर रुपये अमुक, अंतिम युक्तिवाद झाल्यावर रुपये अमुक द्यायचे आहेत. प्रत्येक तारखेची वेगळी फी नाही. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, समन्स, नकला व डॉक्टरांचा साक्षभत्ता हा खर्च पावतीप्रमाणे वेगळा. निकालानंतरचा वसुलीचा अर्ज या फीत धरला आहे. उच्च न्यायालयातील अपील धरलेलं नाही. भरपाईच्या रकमेत कोणाचाही वाटा नाही. ती रक्कम माझ्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होईल."

खाली दोघांच्या सह्या, तारीख. दोन प्रती. वकील सही करायला नाखूश असेल तर हाच मजकूर त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं वर लिहा. उत्तर काय येतं त्यावरून माणूस कळतो.

वसुलीचं वाक्य मी मुद्दाम घालते. छोट्या गाळ्यांच्या बाबतीत दावा जिंकणं ही अर्धीच लढाई असते. शेठ पैसे भरत नाही, गाळा दुसऱ्याच्या नावावर करतो. मग कलम ३१ खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली मागावी लागते, जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. त्या टप्प्यावर वकील म्हणतो, "हे वेगळं काम, वेगळी फी," आणि थकलेलं कुटुंब निकालाचा कागद घेऊन घरी बसतं.

वकीलपत्र नीट बघा. तो छापील कागद असतो, मुंबईत बहुतेक वेळा इंग्रजीत, बारीक अक्षरात. त्यात वकिलाला काय काय करता येईल त्याची लांबलचक यादी असते आणि त्या यादीत दोन गोष्टी हमखास असतात: तुमच्या वतीने तडजोड करणे, आणि तुमच्या वतीने पैसे स्वीकारणे. कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. पैसे स्वीकारण्याच्या शब्दांवर पेनाने आडवी रेघ मारा आणि बाजूला छोटी सही करा. तडजोडीचं वाक्य ठेवायचं असेल तर "माझ्या लेखी संमतीने" हे शब्द वर घाला. असं करता येतं, त्यात वकिलाचा अपमान नाही. कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर तर कधीच नाही. भरपाई जमा होण्याच्या सुमारास "फॉर्मॅलिटी" म्हणून कोरा चेक मागितला जातो, तेव्हा हे आठवा.

खर्च कमी करणारे कागद

फीची घासाघीस करून जितके वाचतात त्याहून जास्त पैसे कागद वेळेत गोळा केल्याने वाचतात. एक कागद नसला की त्याच्या जागी एक साक्षीदार लागतो, आणि एका साक्षीदारामागे समन्स, तारखा, उलटतपासणी असं सगळं येतं.

सर्वात मोलाचा कागद म्हणजे रुग्णालयाचा पहिला केसपेपर. अपघात कसा झाला ते डॉक्टर पहिल्या तासात तिथे लिहितात. मुकादम बरोबर आलेला असतो आणि तो सांगतो "घरी पडला", "रस्त्यावर लागलं". तेच लिहिलं जातं, आणि पुढे दोन वर्षं कोर्टात तुमचा वकील त्या एका ओळीशी झगडत राहतो. शुद्धीवर असलेल्या कामगाराने किंवा घरच्यांनी डॉक्टरांना स्वतः सांगावं: अमुक ठिकाणी, अमुक मशीनवर, कामाच्या वेळेत. लिहिलेलं वाचून दाखवायची विनंती करावी. पोलिसांनी रुग्णालयात जबाब घेतला तर तिथेही तेच.

पगाराचा पुरावा: बँकेतल्या नोंदी, गुगल पे-फोन पेचे मेसेज, हजेरी कार्ड, गेटपास, मुकादमाचे "उद्या आठला ये" असे व्हॉट्सॲप मेसेज. फोन बदलायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अपघात कळवला असेल तर तो अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. दहा रुपयांचा अर्ज आहे.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत फार घोटाळा होतो. परिशिष्टात नाव असलेल्या दुखापतींची टक्केवारी कायद्यानेच ठरवली आहे. बाकीच्या दुखापतींना डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेचं नुकसान किती ते सांगावं लागतं. नेहमीच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर शरीराची टक्केवारी असते, आणि ती वेगळी गोष्ट आहे. रंगाऱ्याचा खांदा वर जात नाही, शरीराच्या हिशेबात ते तीस टक्के असेल, पण परांचीवर उभं राहून भिंत रंगवणं त्याला जन्मात जमणार नाही. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच पूर्ण अपंगत्व धरून भरपाई दिली होती, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डॉक्टरांकडे जाताना कामगार नेमकं काय काम करत होता ते एका कागदावर लिहून न्या, म्हणजे दाखल्यात ते येईल. डॉक्टर साक्षीला येणार का आणि साक्षभत्ता किती, हेही तेव्हाच विचारा. खासगी खर्चातली ही सर्वात मोठी बाब होऊन बसते.

मुदत: दोन वर्षं. गावी जाऊन राहिलेल्या कुटुंबांना हे कळतच नाही. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. दावा मुंबईतच लावला पाहिजे असं नाही; कुटुंब जिथे राहतं त्या भागातल्या आयुक्तांकडेही लावता येतो. रत्नागिरीच्या विधवेने दर तारखेला दादरला उतरायची गरज नाही. साक्षीदार सगळे मुंबईचे असतील तर मात्र दोन्हीकडचा खर्च मांडून मग ठरवा.

पैसे कुठून आणायचे

गाळ्यातले सोबती वर्गणी काढतात, हे मी नेहमी बघते. पाचशे-हजार, ज्याला जमेल तसं. ही माणसं स्वतः हातावर पोट असलेली असतात, म्हणून त्यांच्या पैशाचा हिशेब काटेकोर ठेवा. वर्गणी जखमी माणसाच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यात जमा करा, एका वहीत नावं लिहा, आणि वकिलाला तिथूनच चेक किंवा ऑनलाइन द्या. मधल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका, मग तो गाववाला असो की पुढारी. प्रत्येक वेळी पावती. पावती पुस्तक नसेल तर "अमुक दाव्याच्या फीपैकी अमुक रुपये मिळाले" एवढा मेसेज पुरतो.

दागिने गहाण ठेवू नका, खासगी सावकाराकडे तर जाऊच नका. तेवढी वेळ आली असेल तर वर सांगितलेल्या मोफत वकिलाकडे परत वळा. दावा चालू असतानाही तो अर्ज करता येतो.

मालक म्हणेल, "वकील मी देतो." नको. ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याने नेमलेला वकील तुमचा नसतो. त्याने उपचाराचा खर्च दिला तर घ्या. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं हे त्याचं कायद्यानेच कर्तव्य आहे, उपकार नाहीत. मात्र त्या बदल्यात "माझी काही तक्रार नाही" असं लिहून मागितलं तर सही करू नका. केली असेल तरी हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ खाली रद्दबातल आहे, त्यामुळे दावा लावायचं थांबू नका. आणि कामगार दगावला असेल तर भरपाई आयुक्तांकडेच जमा झाली पाहिजे. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर घरच्यांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

तडजोड करायची असेल तर जरूर करा, दोन वर्षं कोर्टात घालवण्यापेक्षा योग्य रक्कम आज मिळालेली चांगली. पण ती आयुक्तांसमोर नोंदवा. सही करण्याआधी वरचा गुणाकार स्वतः करून बघा, आणि अपघातापासूनच्या व्याजाचा विचार करा. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं. आपल्या उदाहरणातल्या कामगाराला ते वर्षाला साधारण ४४,९२४ रुपये होतं. विनाकारण उशीर केल्याबद्दल भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही मागता येतो. विमा कंपनी मुद्दल आणि व्याज भरते, दंड मालकाच्या खिशातून जातो, म्हणून मालक दंडाच्या मुद्द्यावर लवकर बोलायला तयार होतो. तुमच्या अर्जात भरपाई, व्याज, दंड आणि दाव्याचा खर्च अशा चारही मागण्या आहेत ना, बघून घ्या. खर्च द्यायचा की नाही हे आयुक्तांच्या हातात असतं आणि मिळाला तरी थोडाच मिळतो, पण मागितलाच नाही तर तोही नाही. पावत्या म्हणूनच जपायच्या.

निकाल लागल्यावर

मालक किंवा विमा कंपनी रक्कम आयुक्तांच्या कार्यालयात भरते. ती काढण्यासाठी तुमचा अर्ज, ओळखपत्र, पासबुक लागतं. खातं जखमी माणसाच्या एकट्याच्या नावे ठेवा. विधवा आणि लहान मुलं असतील तर आयुक्त वाटे पाडतात आणि मुलांचा वाटा मुदत ठेवीत टाकायला सांगू शकतात. हे पैसे अडकवण्यासाठी नसून वाचवण्यासाठी असतं. मोडण्यासाठी कुणी अर्ज करायला सांगितलं तर कुणाच्या गरजेसाठी ते आधी विचारा.

पैसे खात्यात आल्यावर वकिलाचा उरलेला टप्पा त्याच आठवड्यात द्या. ठरलेली फी टाळू नका. पुढच्या जखमी माणसाला उशिरा फी घेणारा वकील मिळायला हवा, आणि तो तुमच्या वागण्यावर मिळतो.

मालक अपिलात गेला तर घाबरू नका. मुदत साठ दिवसांची आहे, आणि पूर्ण रक्कम आधी जमा केल्याशिवाय त्याचं अपील उभं राहत नाही. उच्च न्यायालयाचीही स्वतःची विधी सेवा समिती आहे, मोफत वकील तिथेही मिळतो.

वकील बदलायची वेळ आली आणि आधीचे वकील "बाकी फी द्या, मग फाइल देतो" म्हणाले, तर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेला निकाल त्यांना माहीत असतो: फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीबद्दल वाद असेल तर तो वेगळा सोडवायचा, कागद द्यायचेच. तसं लेखी पत्र द्या, पोच घ्या. आणि ती वेळ आलीच तर अडू नये म्हणून मूळ कागद पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवा. वकिलाला साक्षांकित प्रती, आणि कोर्टात मूळ दाखवायचा असेल त्या दिवशी तो तुम्ही स्वतः घेऊन जायचा.